विमानतळाशेजारची शहरं आणि कम्युनिटी ग्रँट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि ही सगळी एकत्र घेते. विषय आहे विमानतळाच्या आसपासच्या शहरांना मिळणारा कम्युनिटी फंड. कुणाचंच नाव छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीये.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या घरावरून पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत विमानं जातात. परवा कुणीतरी म्हणालं की काही विमानतळ शेजारच्या शहरांमधल्या संस्थांना ग्रँट देतात. असं खरंच असतं का? आणि असेल तर ते पैसे येतात कुठून?

खरंच असतं. पण सगळीकडे नसतं, आणि जिथे असतं तिथेही एकाच पद्धतीचं नसतं, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पैसे कुठून येतात हे एकदा कळलं की ते कशावर खर्च करता येतील, कोण मागू शकतं आणि किती वर्षं मिळत राहतील याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

अमेरिकेतलं सिअ‍ॅटल-टकोमाचं उदाहरण घ्या, लोक त्याला सी-टॅक म्हणतात. हा विमानतळ पोर्ट ऑफ सिअ‍ॅटल या सार्वजनिक संस्थेचा आहे आणि तिचे पाच कमिशनर किंग काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) मतदार निवडून देतात. तिथे २००८ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली. पुढे २०१६ मध्ये पोर्टने सीटॅक (हे विमानतळाच्याच नावाचं शहर), बुरियन आणि डे मॉइन्स या अगदी लागून असलेल्या तीन शहरांमधल्या पर्यावरणाच्या कामांसाठी १० लाख डॉलर काढून ठेवले, आणि २०१८ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन साउथ किंग काउंटीसाठी पाच वर्षांत १ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं, त्यात टकविला, नॉर्मंडी पार्क आणि फेडरल वे ही शहरंही आली. आधी भर होता बागा, झाडं, ओढे, मोकळ्या जागा यांच्यावर, आणि कोविडनंतर रोजगार आणि ट्रेनिंगची कामंही त्यात घेतली.

आता पैशाचं बघा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे विमानतळाचं उत्पन्न, म्हणजे लँडिंग फी, दुकानांचं भाडं, पार्किंग वगैरे, हे विमानतळाच्याच कामावर खर्च करावं लागतं, ते बाहेर वळवता येत नाही. त्यामुळे सी-टॅकचा हा फंड विमान कंपन्यांच्या पैशातून येत नाही, पोर्ट काउंटीभरातून जो प्रॉपर्टी टॅक्स घेतं त्यातून येतो. म्हणजे ज्याच्या डोक्यावरून विमान जातं तोही त्या फंडात आपला वाटा भरतोच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ग्रँट मिळाली की लोक उपकाराखाली दबल्यासारखे वागतात आणि त्याची काहीही गरज नाही.

ब्रिटनमध्ये वेगळं आहे. हीथ्रोला विमानं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आवाज करून उडाली की कंपनीला दंड होतो आणि तो दंड आजूबाजूच्या भागासाठी असलेल्या ट्रस्टकडे जातो, मँचेस्टरलाही विमानतळाची ठरावीक रक्कम अधिक दंड असंच चालतं. फ्रान्समध्ये आवाजाचा वेगळा टॅक्सच आहे, विमान किती जड, किती आवाजी, किती वाजता उडालं यावर तो ठरतो आणि त्यातून घरांना आवाजरोधक खिडक्या वगैरे बसवायला मदत मिळते. जपानमध्ये विमानाच्या इंधनावरच्या कराचा एक भाग विमानतळाजवळच्या नगरपालिकांना मिळतो. मला यातलं दंडाचं आणि टॅक्सचं मॉडेल जास्त पटतं, कारण ज्याने आवाज केला त्याच्याच खिशातून पैसे निघतात. पण त्यात एक गोची आहे. विमानं शांत झाली आणि दंड कमी झाला की फंडही आटतो, म्हणून फक्त दंडावर अवलंबून असलेला फंड शहरासाठी भरवशाचा नाही.

प्रश्न: या ग्रँटमधून आमच्या घराच्या खिडक्या बदलून मिळतील का?

बहुतेक नाही. कम्युनिटी ग्रँट संस्थेला आणि सगळ्यांच्या वापराच्या कामाला मिळते, एकट्यादुकट्या घराला नाही. घराच्या साउंड इन्सुलेशनची योजना वेगळी असते, तिचे नियमही वेगळे आणि ऑफिसही बऱ्याचदा वेगळं असतं, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळी चौकशी करा.

अमेरिकेत त्या योजनेसाठी घर साधारणपणे विमानतळाच्या आवाजाच्या नकाशावर ६५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाजाच्या पट्ट्यात यावं लागतं. हा ६५ म्हणजे एका विमानाचा आवाज नाही, वर्षभराची सरासरी काढतात आणि रात्री १० ते सकाळी ७ मधल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जादा धरतात. इथेच लोकांचा संताप होतो आणि तो बरोबर आहे, कारण माणसाची झोप सरासरीने मोडत नाही, पहाटे ४ ला गेलेल्या एका विमानाने मोडते. शिवाय नकाशात असूनही घराच्या आतला आवाज सरासरी ४५ च्या वर निघावा लागतो, आणि १ ऑक्टोबर १९९८ नंतर बांधलेलं घर असेल तर फेडरल पैसे सहसा मिळतच नाहीत, तेव्हा घर घेताना कुणी हे सांगितलं नसेल तर आता कळून उपयोग नाही.

पण ६५ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मिनिआपोलिस आणि त्याच्या शेजारची शहरं कोर्टात गेली आणि २००७ च्या तडजोडीत ६० ते ६४ च्या पट्ट्यातल्या घरांनाही मदत मिळवली. शहरं एकत्र आली म्हणून हे झालं.

प्रश्न: आम्ही दहा-बारा शेजारी मिळून ओढ्याकाठची पडीक जागा साफ करतोय, तिथे बसायची जागा आणि झाडं करायची आहेत. आमची संस्था रजिस्टर नाही, हिशेबाचा अनुभव नाही. अर्ज करण्यात अर्थ आहे का? की हे सगळं मोठ्या एनजीओंचं काम?

अर्थ नक्की आहे, आणि तुमच्यासारख्यांनीच अर्ज करावा असं मला मनापासून वाटतं, कारण मोठ्या संस्था छान अर्ज लिहितात पण ओढा कुठे तुंबतो ते त्यांना येऊन विचारावं लागतं.

रजिस्टर नसाल तर एखादी नोंदणी असलेली संस्था शोधा जी तुमच्या वतीने पैसे घेईल आणि हिशेब ठेवेल, अमेरिकेत याला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात आणि बरेच फंड ते चालवून घेतात. शाळेची पालक संघटना, चर्च, लायब्ररीचा मित्रमंडळ ग्रुप, कुणीही असू शकतं. फक्त त्यांच्याशी लेखी ठरवा: ते किती टक्के ठेवणार, बिलं कोण सही करणार, पैसे किती दिवसांत सोडणार. तोंडी ठरलेलं असतं तिथेच नंतर भांडणं होतात.

मग जागा. ओढ्याकाठची जमीन कुणाची आहे हे आधी बघा, शहराची, काउंटीची, खासगी की विमानतळाचीच, आणि मालकाचं परवानगीचं पत्र अर्जाला जोडा. ओढ्याजवळ खोदकाम असेल तर वेगळं परमिटही लागतं आणि त्याला महिने जाऊ शकतात. चांगले चांगले अर्ज या एका कागदापायी अडकतात, कारण पैसे मंजूर होतात आणि कामाची मुदत परमिटची वाट बघण्यातच संपते.

पैशाचं सर्वात नाजूक म्हणजे बऱ्याच ग्रँट आधी हातात मिळत नाहीत. तुम्ही आधी खर्च करायचा, बिलं लावायची, मग परतावा येतो. छोट्या ग्रुपला यानेच दम लागतो, झाडं उधारीवर कोण देणार? म्हणून अर्ज करायच्या आधीच फंडाच्या ऑफिसला फोन करून सरळ विचारा की काही रक्कम ॲडव्हान्स मिळते का, हप्त्याहप्त्याने बिलं दिली तर चालतात का. हे विचारल्याने तुमचं वजन कमी होत नाही, उलट तुम्ही विचार करून आलाय हे दिसतं.

काही फंड म्हणतात की थोडा वाटा तुमचाही हवा. घाबरू नका, तो रोखच असायला हवा असं नाही. तुमचे लोक जे तास काम करतात ते धरता येतात, कुणी फुकट दिलेली माती, अवजारं, ट्रक, हॉल हेही धरता येतं, त्यासाठी आत्तापासून वही ठेवा: तारीख, नाव, किती वाजता आले, किती वाजता गेले, सही. तुम्ही आधीच काम करताय म्हणता, म्हणजे तुमचा अनुभव हाच तुमच्या अर्जाचा कणा आहे, फक्त तो कागदावर दिसला पाहिजे. काम सुरू करण्याआधीचे फोटो असतील तर सांभाळून ठेवा, नसतील तर उरलेल्या जागेचे आजच काढा.

अर्ज लिहिताना एक चूक फार जण करतात. पहिलं पानभर विमानांबद्दलची चीड आणि शेवटच्या दोन ओळीत काम. समितीला विमानांचा त्रास माहीत असतो, फंड त्याच्यासाठीच काढलेला असतो. त्यांना बघायचं असतं की या जागेचा आणि त्या त्रासाचा संबंध काय आणि कुणाला फायदा होणार. तेव्हा असं लिहा की या गल्ल्यांमधली मुलं कुठे खेळतात, जवळची बाग किती लांब आहे, धावपट्टीच्या दिशेला हिरवळ किती उरलीये, इथे कोणकोणत्या भाषा बोलणारी कुटुंबं राहतात आणि ती या कामात कशी येणार. किती झाडं, कोणती, कोण लावणार, उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार. हा पाण्याचा प्रश्न मी कळवळून सांगतेय. झाडं लावायला माणसं मिळतात, फोटोही निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळतात कारण देखभालीचे पैसे आणि माणूस दोन्ही अर्जात धरलेलेच नसतात.

आणि मागताना खरा खर्च मागा. कमी मागितलं तर पटकन मिळेल असं वाटतं, पण मग अर्ध्यात पैसे संपतात. दोन-तीन ठिकाणची कोटेशन्स लावा, हिशेब लिहिणाऱ्याच्या वेळेचेही पैसे नियमात बसत असतील तर धरा. फंडाची माहितीसभा असेल तर चुकवू नका, नाही मिळाली ग्रँट तर का नाही हे विचारा आणि पुढच्या फेरीला पुन्हा भरा.

प्रश्न: झाडं लावली की विमानाचा आवाज कमी होईल असं आमच्या अर्जात लिहिलंय. बरोबर आहे ना?

ते वाक्य काढून टाका. आवाज वरून येतो, झाडांची रांग तो अडवू शकत नाही, रस्त्याच्या आवाजातसुद्धा दाट रुंद पट्टा असेल तरच थोडासा फरक पडतो. झाडांचे बाकीचे फायदे खरे आणि भरपूर आहेत, सावली, उन्हाळ्यातली उष्णता कमी होणं, पावसाचं पाणी मुरणं, मुलांना बाहेर पडायला जागा, तेच लिहा.

आणि अजून एक, जे बागकाम करणाऱ्यांना बऱ्याचदा कुणी सांगत नाही. विमानतळाजवळ पक्षी जमतील अशी लागवड किंवा तळं धोक्याचं समजतात कारण पक्षी इंजिनात जातात. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, जेट विमानं येणाऱ्या विमानतळापासून १०,००० फूट, म्हणजे साधारण ३ किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणाऱ्या गोष्टी नकोत असं सुचवतं. तेव्हा फळं-बिया धरणारी झाडं किंवा उघडं पाणी प्लॅनमध्ये असेल तर विमानतळाच्या वन्यजीव विभागाला आधी दाखवा, त्यांनी होकार दिलेली झाडांची यादी अर्जाला जोडलीत तर अर्ज मजबूतच होईल.

प्रश्न: आमच्याकडे यावरून सरळ दोन तट पडलेत. काही म्हणतात हे तोंड बंद करायचे पैसे आहेत, घेऊच नका. काही म्हणतात मिळतंय ते घ्या. ताई, तुमचं मत काय?

घ्या, आणि तोंड उघडंच ठेवा. दोन्ही एकत्र करता येतं.

जे नको म्हणतात त्यांचा राग मला समजतो. पैसे आणि त्रास यांचं प्रमाण बघितलं तर राग येणारच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी ज्या सूचना दिल्या त्यात विमानाचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीत ४५ डेसिबलच्या खाली आणि रात्री ४० च्या खाली असावा असं म्हटलंय. मोजायची पद्धत अमेरिकेच्या ६५ वाल्या पद्धतीपेक्षा थोडी वेगळी आहे, तरी अंतर किती मोठं आहे ते दिसतंच. म्युनिकमध्ये १९९२ मध्ये जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना तपासलं, जुन्या जागेजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं आणि नव्या जागेजवळच्या मुलांचं घसरलं. सी-टॅकच्या भागात वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवलं की उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली अतिसूक्ष्म कणांचं वेगळं प्रदूषण असतं, ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरापेक्षा वेगळं ओळखता येतं. बागेतल्या बाकाने यातलं काही मिटत नाही आणि मिटतं असं कुणी म्हणत असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

पण ग्रँट नाकारून आवाज एका डेसिबलनेही कमी होत नाही. ते पैसे परत जातात किंवा दुसऱ्या शहराला मिळतात आणि तुमची मुलं बागेशिवाय राहतात.

खरी काळजी घ्यायची ती सही करताना. कम्युनिटी ग्रँटच्या करारात साधारणपणे कामाचा तपशील, हिशेब, रिपोर्ट, बोर्डावर फंडाचं नाव एवढंच असतं. तरी प्रत्येक ओळ वाचा, तक्रार करणार नाही, कोर्टात जाणार नाही, विस्ताराला विरोध करणार नाही असं काही दिसलं तर सही न करता वकिलाला दाखवा. घराच्या साउंड इन्सुलेशनचं मात्र वेगळं आहे. तिथे अमेरिकेतले बरेच विमानतळ बदल्यात तुमच्या घरावरून विमानं जाण्याचा हक्क कायमचा लिहून घेतात, तो जमिनीच्या कागदावर चढतो आणि घर विकलं तरी पुढच्या मालकाला लागू राहतो. या दोन गोष्टी लोक एक समजतात आणि म्हणूनच तुमच्याकडचं अर्धं भांडण होत असणार. पुढच्या मीटिंगला दोन्हीचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवा.

आणि ग्रँट घेतली त्याच आठवड्यात रात्रीच्या विमानाची तक्रार नोंदवायला काहीच हरकत नाही. तारीख, वेळ, विमान उतरत होतं की चढत होतं, एवढं लिहिलंत तर तक्रार कामाची होते.

प्रश्न: मी एका छोट्या शहराच्या कौन्सिलवर आहे. विमानतळ आमच्या हद्दीत नाही पण विमानं आमच्यावरूनच जातात. आमच्याकडे असा फंडच नाही. सुरू कसा करायचा?

तुमच्यासारख्या शहरांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या हद्दीत विमानतळ आहे त्याला हॉटेलं, पार्किंग, नोकऱ्या यातून काहीतरी कर मिळतो, हद्दीबाहेरच्याला फक्त आवाज. म्हणून फंड मागताना हद्दीवर भांडू नका, विमानांच्या मार्गाचा नकाशा टेबलावर ठेवा आणि त्रास जिथे पोचतो तिथपर्यंत फंड पोचला पाहिजे अशी मागणी करा.

वेळ महत्त्वाची आहे. विमानतळाला जेव्हा तुमच्या भागाकडून काही हवं असतं, नवी धावपट्टी, नवं टर्मिनल, जास्त उड्डाणं, तेव्हाच करार होतात. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाचा कम्युनिटी ट्रस्ट २००१ मध्ये असाच आला, विमानतळ, वेस्ट ससेक्स काउंटी आणि क्रॉली शहर यांच्यातल्या कायदेशीर करारातून, म्हणजे पैसे देणं विमानतळाच्या मर्जीवर राहिलं नाही. विस्ताराची परवानगी एकदा मिळून गेली की तुमच्या हातात फक्त विनंतीपत्रं उरतात. तुमच्या विमानतळाचा विकास आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते या आठवड्यातच शोधा.

एकटं शहर जाऊ नका, शेजारच्या दोन-तीन कौन्सिलना घेऊन एकच ठराव करा. ठरावात रक्कम लिहाच, पण त्याबरोबर हेही लिहा की ती महागाईप्रमाणे वाढेल, विमानांची संख्या वाढली तर वाढेल, पाच वर्षांनी आपोआप बंद होणार नाही, आणि पैसे वाटणाऱ्या समितीत निम्म्याहून जास्त लोक धावपट्टीच्या दिशेला राहणारे असतील. छोट्या ग्रुपसाठी वेगळा हिस्सा राखून ठेवायला सांगा, दोन पानांचा सोपा अर्ज आणि अर्धी रक्कम आधी, नाहीतर आधीच्या प्रश्नातले ते ओढ्यावरचे दहा-बारा शेजारी तुमच्याही शहरात बाहेरच राहतील. मसुदा तयार झाला की पाठवा, मी वाचून देईन.